फोलेटची गोळी : रूप आणि मात्रा

औषधांच्या कोणत्याही बऱ्याशा दुकानात जाऊन आज 'फॉलिक ॲसिडची गोळी द्या' असे म्हटले, तर दुकानदार उलट विचारतो, 'कोणती देऊ?' त्याचे हे विचारणे वाजवीच असते. एका पट्टीवर ५ मिलिग्रॅम हा आकडा असतो, तर दुसरीवर ४०० मायक्रोग्रॅम. तिसरीवर फॉलिक ॲसिड हे नावच नसते. तेथे 'एल-मिथिलफोलेट १ मिलिग्रॅम' असे छापलेले असून शेजारी दीड हजार मायक्रोग्रॅम मिथिलकोबालामिनची जोड दिलेली असते. आणि अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने अथवा मुलीने आणून दिलेली बाटली घरात असली, तर तिच्यावर '६८० मायक्रोग्रॅम डीएफई' असा चौथाच आकडा! किमतींतही तशीच तफावत. गिऱ्हाईक गोंधळते आणि बहुधा दोहोंपैकी एक करते : सर्वांत मोठा आकडा उचलते, नाही तर सर्वांत महाग वस्तू. आमच्या मते या दोन्ही रीती चुकीच्या आहेत, आणि त्या का चुकीच्या आहेत हे कळण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. फोलेटच्या बाबतीत 'कोणते' या प्रश्नाला जाहिराती जेवढे महत्त्व देतात तेवढे त्याला नाही. 'किती' या प्रश्नाला ते निश्चित आहे. परंतु 'केव्हा' आणि 'सोबत काय' हे जे दोन प्रश्न पट्टीवर कोठेच छापलेले नसतात, त्यांच्या उत्तरावर एखाद्या अर्भकाचा कणा आणि एखाद्या वृद्धाची चाल अवलंबून असते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा पहिला अध्याय मुंबईत लिहिला गेला, हे मुंबईकरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायांना गरोदरपणी एक विलक्षण रक्तक्षय होत असे. रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटलेली, पण एकेक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी. पुष्कळ स्त्रिया त्यात दगावत. जंतूंचा संसर्ग हे कारण विल्सबाईंना सापडले नाही. त्यांची नजर या बायांच्या ताटाकडे वळली. माकडांवर आणि मग प्रत्यक्ष रोग्यांवर प्रयोग करता करता त्यांना असे आढळले की, मार्माइट नावाचा यीस्टचा जो काळपट, खारट अर्क इंग्लंडात पावाला लावून खातात, तो दिल्याने हा रक्तक्षय झपाट्याने हटतो. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे त्या वेळी कोणासच सांगता येत नव्हते, म्हणून त्या अनामिक द्रव्याला पुढे 'विल्स घटक' म्हणू लागले.

विल्सबाईंच्या कामातील एक बारकावा पुढे उपयोगी पडणार आहे. तसाच मोठ्या पेशींचा दुसरा एक घातक रक्तक्षय त्या काळी यकृताच्या अर्काने बरा करीत असत. तो अर्क अधिकाधिक शुद्ध करून मुंबईच्या रोग्यांसारख्या रोग्यांना दिला, तर गुण येईना. कच्चा, अशुद्ध अर्क दिला तर येई. अर्थ स्पष्ट होता. रक्ताचे चित्र एकच दिसले, तरी उणीव दोन निरनिराळ्या द्रव्यांची असू शकते. शुद्ध अर्कात उरणारे द्रव्य म्हणजे बी-१२, ते १९४८ साली हाती लागले. आणि शुद्धीकरणात निघून जाणारे म्हणजे आपले फोलेट.

१९४१ साली टेक्सासमधील संशोधकांनी चार टन पालकातून हे द्रव्य वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात, त्यावरून त्याला 'फॉलिक ॲसिड' हे नाव मिळाले. पानातून निघालेले आम्ल, एवढाच त्याचा अर्थ. ते प्रयोगशाळेत घडवण्याचे काम त्याच दशकात अमेरिकेतील लेडरली प्रयोगशाळेत झाले आणि त्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज दुकानात जी पिवळी गोळी मिळते, तिच्या वंशावळीत याप्रमाणे परळचे एक नाव आहे आणि गोदावरीकाठचे एक.

या द्रव्याचे शरीरातील काम हमालाचे आहे. कार्बनचा एकेक अणू एका ठिकाणी उचलायचा आणि दुसऱ्या ठिकाणी नेऊन द्यायचा, इतकेच. पण ज्या ठिकाणी तो पोचवायचा, त्यांत पेशीच्या केंद्रातील डीएनएची घडण येते. नवी पेशी जन्मायची म्हणजे डीएनएची दुसरी प्रत तयार व्हायला हवी. हमाल कमी पडले की ते काम अडते. जेथे पेशी भराभरा जन्मतात तेथे ही अडचण प्रथम दिसते : अस्थींच्या मज्जेत, जेथे रक्त तयार होते, आणि गर्भात. मज्जेतील पेशी वाढतात, फुगतात, पण वेळेवर दुभागत नाहीत. मुंबईच्या त्या बायांच्या रक्तातील मोठ्या पेशींचे रहस्य हेच.

अन्नातून फोलेट मिळतेच. पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत ते चांगल्यापैकी असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ३०० मायक्रोग्रॅम, स्त्रीला २२०, गर्भवतीला ५७० आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला ३३० मायक्रोग्रॅम फोलेट मिळावे. ज्या घरात रोज उसळ आणि पालेभाजी होते, तेथे पहिले दोन आकडे गाठणे अवघड नाही. अडचण आहे ती आपल्या रांधण्याच्या पद्धतीत. फोलेट पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते. आपण भाजी आधी चिरतो, मग धुतो, मग पाणी घालून शिजवतो, आणि कित्येक घरी ते पाणी पिळून मोरीत ओततो. पालकाचे जे मोल मंडईत दिले, त्यातले बरेचसे असे वाहून जाते. भाजी धुऊन मग चिरावी, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी आणि उरलेले पाणी आमटीत घालावे, हा सल्ला जुन्या गृहिणींना नवा नाही.

आता रूपांकडे वळू. पानांतील आणि डाळींतील फोलेटला ग्लुटामिक आम्लाची एक लांब शेपटी असते. आतड्यात ती छाटली जाते, तेव्हा ते शोषले जाते, आणि शेवटी रक्तात मिथिलफोलेट या रूपाने फिरते. कारखान्यात तयार होणाऱ्या फॉलिक ॲसिडला ही शेपटी नसते. त्यामुळे ते अन्नातल्या फोलेटहून अधिक सहज शोषले जाते. रिकाम्या पोटी घेतलेले फॉलिक ॲसिड अन्नातील फोलेटच्या दुप्पट लागू पडते, आणि जेवणाबरोबर घेतलेले सुमारे १.७ पट. अमेरिकन बाटलीवरचा ६८० हा आकडा येथून आला. ४०० ला १.७ ने गुणले की ६८० होतात. वस्तू तीच, फक्त अन्नाच्या मापाने मोजलेली. 'डीएफई' म्हणजे 'अन्नातील इतक्या फोलेटबरोबर'. मोठा आकडा पाहून ती गोळी जबर आहे असे समजण्याचे कारण नाही.

फॉलिक ॲसिडचा एक गुण असा की ते टिकाऊ आहे. गोळीत, पिठात, डब्यात ते महिनोन्‌महिने तग धरते. आणि त्याचा एक उणेपणा असा की ते जसेच्या तसे कामाचे नाही. यकृतातील एका एन्झाइमने त्यावर दोनदा प्रक्रिया केल्यावर मगच ते हमालीला योग्य होते. माणसात हे एन्झाइम मंदगतीचे आहे, आणि माणसामाणसांत त्याचा वेग फार भिन्न असतो. त्यामुळे मोठी मात्रा घेतली की थोडे फॉलिक ॲसिड तसेच, अप्रक्रियित, रक्तात फिरताना आढळते. त्यापासून काही अपाय होतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु विनाकारण मोठी मात्रा घेऊ नये याला एवढे कारण आम्हांला पुरेसे वाटते.

मिथिलफोलेटच्या विक्रेत्यांचा युक्तिवाद या उणेपणावर उभा आहे. आमची वस्तू तयार रूपातच आहे, शरीराला खटपट नको, असे ते म्हणतात. हे खरे आहे. ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडला रेणूंच्या हिशेबाने ४१६ मायक्रोग्रॅम मिथिलफोलेट भरते, आणि तेवढ्या मात्रेने तांबड्या पेशींतील फोलेट फॉलिक ॲसिडइतके, किंबहुना काकणभर अधिकच वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र नावाच्या आरंभीचा 'एल' पाहून घ्यावा. याच रेणूचे जे आरशातील प्रतिबिंबासारखे दुसरे रूप असते, ते शरीराच्या कामाचे नाही. आणि 'नैसर्गिक' हा शब्द मनावर घेऊ नये. पट्टीतले मिथिलफोलेटही कारखान्यातच तयार होते, पालकाच्या मळ्यात नव्हे.

मग महाग गोळीच का घेऊ नये? कारण ज्या कामासाठी फोलेटची गोळी प्रथम शिफारसली गेली, ते काम मिथिलफोलेट करते की नाही, हे प्रत्यक्ष गर्भवतींवर कोणी तपासून दाखवलेले नाही. करीत असेल असे मानण्यास जागा आहे. पण पुरावा जेवढा आहे तेवढा साऱ्या फॉलिक ॲसिडच्या पदरी आहे. ज्याच्याजवळ साक्षीदार आहेत त्याची बाजू आम्ही आधी धरतो.

येथे 'जीन'चा मुद्दा पुढे करण्यात येतो. एमटीएचएफआर नावाच्या जीनमध्ये काही लोकांत एक बदल असतो, त्यामुळे मिथिलफोलेट घडवणारे एन्झाइम थोडे दुबळे पडते. हल्ली तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी घालतात. तिचा निकाल हाती आला की माणूस हबकतो आणि आयुष्यभर महाग गोळी घेऊ लागतो. वस्तुस्थिती अशी की, हा बदल आई आणि बाप दोघांकडून आलेल्या व्यक्तीतही तेवढ्याच फॉलिक ॲसिडने रक्तातील फोलेट वाढतेच. इतरांच्या तुलनेने ते सुमारे १६ टक्के कमी भरते, इतकेच. ही तूट गोळी नियमित घेण्याने भरून निघते. वारंवार होणाऱ्या गर्भपाताच्या तपासात ही चाचणी सरसकट करू नये, असा सल्ला अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१३ सालीच दिला आहे. तिसरे एक रूप, फोलिनिक ॲसिड, इस्पितळांत विशिष्ट उपचारांसाठी वापरतात. घरगुती पूरक म्हणून त्याचा विचार करण्याचे प्रयोजन नाही.

रूपाचा प्रश्न येथे आमच्यापुरता मिटला. मात्रेचा प्रश्न मात्र वेळेच्या प्रश्नाशी जोडूनच पाहावा लागतो.

गर्भाच्या पाठीवर आरंभी एक पट्टी असते. तिच्या कडा वर उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात आणि नळी तयार होते. हीच मज्जानलिका, तिच्यापासून पुढे मेंदू आणि पाठीचा कणा यांतील मज्जासंस्था घडते. ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. खाली उघडी राहिली तर मूल दुभंगलेला कणा घेऊन जन्मते. वर उघडी राहिली तर मेंदूची घडणच होत नाही आणि ते मूल जगत नाही. २८ दिवस म्हणजे किती, याचा हिशेब घरातल्या भाषेत करावा. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोच ही नळी मिटलेली, किंवा कायमची उघडी राहिलेली असते. आपल्याकडे तर पहिले तीन महिने कोणाला सांगू नये असा रिवाज. डॉक्टरांकडे नाव घालून गोळी हाती येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

गोळीचा उपयोग होतो की नाही याचा पहिला नि:संशय पुरावा १९९१ साली मिळाला. इंग्लंडच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतील ३३ केंद्रांत एक प्रयोग केला. ज्या स्त्रियांचे आधीचे एक मूल या व्यंगाने ग्रस्त झाले होते, अशांनाच त्यात घेतले होते. गर्भधारणेच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत काहींना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, काहींना नाही. एकूण ११९५ गर्भारपणांत २७ मुलांत व्यंग आढळले. त्यांपैकी ६ गोळी घेणाऱ्या गटांतली आणि २१ न घेणाऱ्या. व्यंगाचा धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. पुढल्याच वर्षी हंगेरीतील प्रयोगाने दाखवले की पहिलेपणीही हा उपाय लागू पडतो, तेथे ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड व इतर जीवनसत्त्वे असलेली गोळी घेणाऱ्या दोन हजारांवर स्त्रियांत एकही व्यंग आढळले नाही, न घेणाऱ्या तितक्याच स्त्रियांत सहा आढळली.

पण मात्रा किती लहान चालेल? याचे उत्तर चीनमधून आले. १९९३ ते १९९५ या काळात तेथे सुमारे अडीच लाख स्त्रियांची पाहणी झाली. गोळी फक्त ४०० मायक्रोग्रॅमची, दुसरे काही नाही. उत्तर चीनमध्ये, जेथे हे व्यंग फार होते, नियमाने गोळी घेणाऱ्यांत प्रमाण दर हजारी ४.८ वरून १.० वर आले. दक्षिणेत ते मुळात १.० होते, तेथे ०.६ झाले. हे आकडे नीट पाहिले तर ध्यानात येते की गोळी व्यंगाला पूर्णपणे पुसून टाकीत नाही. ज्यांच्या शरीरात फोलेटची तूट आहे त्यांची तूट ती भरते. तूट भरल्यावर उरलेली व्यंगे अन्य कारणांची असतात आणि त्यांवर आकडा दहापट करून काही साधेल असे दिसत नाही.

यावरून ठरलेला नियम सरळ आहे. ज्या स्त्रीला मूल होऊ शकते आणि हवे आहे, तिने गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून, आमच्या मते दोन-तीन महिने आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे आणि गर्भारपणाचे पहिले तीन महिने ते चालू ठेवावे. तांबड्या पेशींत फोलेटची पातळी चढायला काही आठवडे लागतात, म्हणून ही आगाऊ तयारी. पण हा नियम सांगणार कोण? नव्या सुनेला पाठवणीत साड्या मिळतात, भांडी मिळतात. लग्न ठरल्यावर तिला या गोळीबद्दल सांगणारे वडीलधारे आम्हांला फारसे भेटलेले नाहीत. संकोचाची गोष्ट आहे हे आम्ही जाणतो. परंतु दरमहा थोड्या रुपयांचे हे काम संकोचापायी राहते आणि मग आयुष्यभराची शुश्रूषा वाट्याला येते.

सरकारी लाल गोळी आम्ही घेतो, मग हे वेगळे कशाला, असे कोणी विचारील. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि ती चौथ्या महिन्यापासून पुढे निदान १८० दिवस, तशीच बाळंतपणानंतरही १८० दिवस द्यावी, अशी २०१८ सालच्या 'ॲनिमिया मुक्त भारत' योजनेची आखणी आहे. ती रक्तक्षयासाठी आहे आणि ती अवश्य घ्यावी. पण ती सुरू होते तेव्हा मज्जानलिका मिटून दोन महिने लोटलेले असतात. म्हणून त्याच योजनेत गर्भधारणेपूर्वी आणि पहिल्या तिमाहीत ४०० मायक्रोग्रॅमची वेगळी गोळी सांगितली आहे, जिच्याकडे लोकांचे लक्ष कमी जाते. किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात, तिच्यातही ५०० मायक्रोग्रॅमच असतात. जागतिक आरोग्य संघटना साप्ताहिक गोळीत २८०० मायक्रोग्रॅम असावे असे सुचवते. रोजचे ४०० गुणिले सात, असा तो हिशेब. तेव्हा साप्ताहिक गोळीवर विसंबून कोणी निश्चिंत राहू नये.

आता ती ५ मिलिग्रॅमची गोळी. हे ४०० मायक्रोग्रॅमच्या साडेबारापट होतात. तिला जागा आहे. ज्या जोडप्याचे आधीचे मूल या व्यंगाचे झाले, ज्या स्त्रीला गर्भधारणेच्या आधीपासून मधुमेह आहे, जी अपस्मारावर व्हॅल्प्रोएटसारखे औषध घेते, तिला डॉक्टर मोठी मात्रा देतात. सिकलसेलच्या रोग्यांत तांबड्या पेशी लवकर फुटतात, नव्या सारख्या घडवाव्या लागतात, म्हणून नंदुरबार-गडचिरोलीकडील अशा रोग्यांच्या औषधांत ही गोळी दिसते, ते योग्यच आहे. फोलेटच्या उणिवेने झालेला रक्तक्षय बरा करण्यासाठीही ती काही महिने देतात. गैर आहे ते हे की, केस गळतात, थकवा वाटतो, तोंड येते, म्हणून कोणीही ती आपल्या मनाने वर्षानुवर्षे घ्यावी. फोलेट लघवीवाटे निघून जाते, मग बिघडले कोठे, असे म्हणतात. बिघडते ते कोठे, हे पाहण्यासाठी आपल्याला पुन्हा १९४५ च्या सुमारास जावे लागेल.

फॉलिक ॲसिड नुकतेच बाजारात आले होते. बी-१२ अजून सापडायचे होते. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे बी-१२ च्या उणिवेच्या रक्तक्षयावरही डॉक्टरांनी हे नवे औषध देऊन पाहिले आणि रक्त सुधारले! रोगी टवटवीत दिसू लागले. काही महिन्यांनी त्यांतले कित्येक परत आले ते पायांना मुंग्या, तोल जाणे, चालताना जमीन न कळणे अशा तक्रारी घेऊन. बी-१२ नसेल तर मज्जातंतूंवरचे आवरण झिजत जाते; फॉलिक ॲसिडला ते काम येत नाही. रक्त सुधारल्यामुळे धोक्याची घंटा तेवढी थांबली होती, आग आत चालूच होती. अशा रोग्यांत बहुतेकांना ५ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक मात्रा दिली गेली होती. त्यावरून १९९८ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी पाचाने भागून गोळीतील फॉलिक ॲसिडची दैनिक मर्यादा प्रौढांसाठी १ मिलिग्रॅम ठरवली. ही मर्यादा फॉलिक ॲसिड विषारी आहे म्हणून नाही. बी-१२ ची उणीव झाकली जाऊ नये म्हणून आहे.

परदेशात हा धोका मुख्यतः वृद्धांपुरता असेल. आपल्याकडे तो तसा नाही. बी-१२ वनस्पतींत नसते. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतून येते. शाकाहारी घरात दूध तेवढे असते, आणि तेही पुष्कळांच्या वाट्याला चहापुरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला आहे. २००८ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते प्रत्येक मराठी घराने वाचावे असे आहे. त्या मातांपैकी दोन-तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते. तांबड्या पेशींतील फोलेट कमी असलेली माता मात्र अवघी एक सापडली. मुले सहा वर्षांची झाल्यावर पाहिले, तेव्हा ज्यांच्या मातांत फोलेट सर्वांत जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्यात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. मधुमेहाकडे जाणारी ती पहिली पायरी. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. एकामुळे दुसरे झाले असे तीवरून सिद्ध होत नाही, आणि या निष्कर्षामुळे कोणा गर्भवतीने फॉलिक ॲसिड सोडू नये. पण मुंबईच्या गिरणीतील ज्या बायांपासून ही कथा निघाली त्यांना उणीव फोलेटची होती आणि पुण्याच्या खेड्यातील त्यांच्या नातींच्या वयाच्या बायांना ती बी-१२ ची आहे, हे एवढे त्यातून उघड होते. सरकारी लोह-गोळीत अजून बी-१२ नाही. ते असावे की नाही यावर तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. असावे, या बाजूचे आम्ही आहोत.

तेव्हा जो शाकाहारी आहे, जो साठीच्या पुढे आहे, जो मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अथवा पित्तासाठी आम्ल कमी करणारी गोळी दीर्घकाळ घेतो, त्याने फॉलिक ॲसिडला हात लावण्यापूर्वी बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी. तपासणी शक्य नसेल तर नुसते फॉलिक ॲसिड न घेता बी-१२ ची जोड असलेली गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी. पायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणी 'पुढल्या महिन्यात' करण्याची गोष्ट नाही. दीड हजार मायक्रोग्रॅमच्या जोडगोळीवर जी टीका आम्ही वर सुचवली, ती तिच्या किमतीपुरती आणि मिथिलफोलेटच्या बडेजावापुरती आहे. तिच्यातल्या बी-१२ बद्दल आमची तक्रार नाही.

हृदयासाठी फॉलिक ॲसिड घ्यावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढलेले असले तर हृदयविकार अधिक दिसतो, आणि फॉलिक ॲसिडने ते उतरते, हे दोन्ही खरे. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगांत होमोसिस्टीन उतरले, हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. पक्षाघाताची गोष्ट थोडी निराळी. चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांवर रोग्यांना रक्तदाबाच्या औषधाबरोबर ०.८ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण २१ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ साली दिसून आले. मात्र तेथे पिठात फॉलिक ॲसिड घालण्याची सक्ती नव्हती आणि लोकांत फोलेटची तूट होती. कर्करोगाची भीतीही अधूनमधून उठते. सुमारे पन्नास हजार लोकांवरील प्रयोग एकत्र करून २०१३ साली जो आढावा घेतला गेला, त्यात फॉलिक ॲसिडने कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. आतड्यात पूर्वी गाठी आढळलेल्यांनी मोठी मात्रा मात्र आपल्या मनाने घेऊ नये.

शेवटी अशा एका रोग्याविषयी, ज्याच्या बाबतीत घरच्यांनी विशेष डोळस असावे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडच्या साच्यावरच त्याचे विरोधकही घडवले गेले. रक्ताच्या कर्करोगावर ते १९४७-४८ साली प्रथम चालले, आणि त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध आज संधिवातावर सर्रास देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. फॉलिक ॲसिडची गोळी त्याचे उपद्रव कमी करण्यासाठी, डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वारी दिली जाते; या रोग्याला ५ मिलिग्रॅमची गोळी योग्यच असते आणि ती कोणी 'जास्त आहे' म्हणून बंद करू नये. दोन्ही गोळ्या लहान आणि पुष्कळदा पिवळट असतात. म्हाताऱ्या माणसाने त्यांची अदलाबदल करून मेथोट्रेक्सेटच रोज घेतले, तर काही दिवसांत तोंड सोलवटते, रक्तपेशी घटतात आणि जीवावर बेतते. असे मृत्यू झालेले आहेत. अशा घरात दोन्ही औषधे वेगळ्या डब्यांत ठेवावीत, मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर वार मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि त्या दिवशी गोळी घरातल्या दुसऱ्या कोणी हातावर ठेवावी.